मिरची, सुपारी आणि लाळेची साक्ष

नंदुरबार म्हटले की महाराष्ट्राला लाल मिरची आठवते. हंगामात पथाऱ्यांवर पसरलेली ती लालभडक मिरची, देठ खुडणाऱ्या मजूर स्त्रियांची सतत चालणारी बोटे, पोती उचलणारे हमाल आणि सर्वांच्या नाकातोंडात जाणारा तो ठसका आपल्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु याच मिरचीवर शास्त्राच्या दरबारात एके काळी मोठा गंभीर आरोप ठेवला गेला होता, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानावर आली असेल. माणसाचे तोंड आतून आकसवणारा, घास घेणेही मुश्किल करणारा आणि पुढे कर्करोगाला वाट मोकळी करून देणारा एक रोग मिरचीमुळे होतो, असा तो आरोप होता. मिरची या आरोपातून कशी सुटली, खरा अपराधी कसा सापडला, जीवनसत्त्वांकडून शास्त्रज्ञांनी कोणती आशा धरली आणि माणसाची लाळ साक्षीला कशी उभी राहिली, हा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत मिळाले त्याहून अधिक ज्ञान मला वाचनालयांनी आणि कामगारांनी दिले. परंतु कामगाराच्या तोंडात काय जाते हा प्रश्न त्याच्या मजुरीइतकाच संघटनेचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे. आणि म्हणून या विषयात शिरण्याचे धाडस मी करीत आहे.

प्रथम रोग म्हणजे काय ते पाहू. डॉक्टर लोक त्याला ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. आपल्या गालाच्या आतील अस्तर फार मऊ आणि लवचिक असते. त्या अस्तराखाली घट्ट तंतूंचे थर साचू लागले की गाल चामड्यासारखा ताठर होतो. सुरुवातीला एवढेच जाणवते की तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. मग अस्तर पांढुरके पडते, गालात बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात, जीभ पुरती बाहेर येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही. निरोगी माणसाला आपली तीन बोटे उभी धरून दातांच्या मध्ये घालता येतात. या रोग्याला आधी दोन, मग एकच, आणि शेवटी भाकरीचा तुकडाही कसाबसा. ज्या रोगांतून पुढे कर्करोग उद्भवण्याचा संभव असतो त्यांना कर्करोगपूर्व अवस्था म्हणतात, आणि हा रोग त्यांतला प्रमुख होय. गालावर किंवा जिभेवर उठणारा पांढरा चट्टा, ज्याला ‘ल्यूकोप्लेकिया’ म्हणतात, तो याचाच भाऊबंद.

हा रोग किती जुना? सुश्रुतसंहितेत मुखरोगांच्या प्रकरणात ‘विदारी’ नावाचा विकार आहे, आणि तो हाच असे काही अभ्यासक मानतात. त्या वादात मी शिरत नाही. आधुनिक इतिहासाचा आरंभ मात्र आपल्या मुंबईत परळला झाला, असे म्हणावयास हरकत नाही. टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1944 साली मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. युरोपात जो कर्करोग विरळा, तो आपल्याकडे इतका का, हा प्रश्न त्यांनी जगापुढे ठेवला. पारतंत्र्याच्या त्या काळात, एका भारतीयाने आपल्याच माणसांच्या सवयींचा असा शास्त्रशुद्ध हिशेब मांडावा, ही साधी गोष्ट नव्हती.

त्यानंतर 1952 साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडाच्या एका चमत्कारिक विकाराची नोंद केली. तंतूंनी आकसलेली ही तोंडे पाहून त्यांनी त्याला ‘कारण अज्ञात’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. लगेच पुढच्या वर्षी, 1953 साली, जोशी नावाच्या भारतीय कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आपल्या रुग्णांवरून त्याचे वर्णन केले आणि आज रूढ असलेल्या नावाचा पाया घातला. 1956 साली टाटा रुग्णालयाचे डॉ. पेमास्टर यांनी दाखवून दिले की, अशाच आकसलेल्या तोंडात पुढे कर्करोग उपजतो. त्या दिवसापासून हा रोग केवळ त्रासदायक न राहता भयंकर ठरला.

कारण कोणते? येथे मिरचीचे नाव पुढे आले. रोगी स्वतःच सांगत होते की तिखट लागले की आग होते. शिवाय हा रोग भारतीयांत अधिक, आणि भारतीय लोक तिखट खाणारे. दोन आणि दोन चार इतका हा हिशेब सरळ वाटला. 1960 साली डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. खानोलकर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिरसाटबाई या आपल्या देशात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. त्यांनी उंदरांना आधी मुद्दाम निकस आहारावर ठेवले आणि मग मिरचीतील झोंबणारे द्रव्य, म्हणजे ‘कॅप्सेसिन’, त्यांच्या टाळूला लावले. टाळूच्या अस्तराखाली तंतू वाढलेले दिसले. या प्रयोगातील ‘निकस आहार’ हे शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. मिरचीबरोबर कुपोषणही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते, आणि येथूनच जीवनसत्त्वांची कथा या रोगाशी जोडली गेली.

या संशोधकांविषयी मनात अनादर बाळगण्याचे कारण नाही. त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगितले. परंतु अशा निष्कर्षाचा समाजात काय अर्थ होतो, ते पाहा. गरीब माणूस भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खातो तो शौक म्हणून नव्हे. कोरड्यास परवडत नाही म्हणून. त्याच्या ताटातील एकुलत्या एक चवीलाच रोगाचे कारण ठरवले की दोष त्याच्या जेवणाचा आणि पर्यायाने त्याचाच ठरतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मालाकडे मग कोणाचे लक्ष जात नाही.

सुदैवाने शास्त्राची रीत अशी की तेथे कोणताही निकाल कायमचा नसतो. 1974 साली दुसऱ्या संशोधकांनी हॅमस्टर नावाच्या प्राण्याच्या गालपिशवीत कॅप्सेसिन लावून पाहिले. रोग झाला नाही. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतील लोक तर आपल्याहून कमी मिरची खात नाहीत, मिरचीचे मूळ घरच ते. परंतु तेथे हा रोग आढळत नाही, हाही मुद्दा पुढे आला. 1981 साली मलेशियात रामनाथन यांनी असे सुचवले की लोह आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वांची उणीव हेच मूळ असावे. निर्णय होईना.

निर्णय झाला तो प्रयोगशाळेत नव्हे, खेड्यापाड्यांतील घरोघर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांचे दंतसंशोधनाचे पथक होते. मुंबईच्या काही हजार पोलिसांची तोंडे त्यांनी वर्षानुवर्षे तपासली. डेन्मार्कचे प्राध्यापक पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने त्यांनी भारतभर घरोघर पाहणी केली. 1972 साली महाराष्ट्रातील 1,01,761 खेडूतांच्या तोंडांच्या तपासणीचा अहवाल निघाला. बॅटरीच्या उजेडात एक लाखावर तोंडे पाहणे, प्रत्येकाच्या सवयी विचारून लिहून घेणे, हे काम कोणत्याही गिरणीतील पाळीहून कमी कष्टाचे नव्हे. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात या पथकाने 66 रुग्णांवर सतरा वर्षे नजर ठेवली. त्यांपैकी पाच जणांना कर्करोग झाला. हा हिशेब 1985 साली प्रसिद्ध झाला.

आणि 1990 साली गुजरातमधील भावनगरच्या रुग्णांचा अभ्यास आला. साठ रोगी आणि त्यांच्याच वयाचे, त्यांच्यासारखेच साठ निरोगी लोक समोरासमोर ठेवून विचारले, कोण काय खाते? मिरचीच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. फरक निघाला तो सुपारीत. सुपारी चघळणाऱ्याला हा रोग होण्याचा संभव न चघळणाऱ्याच्या शंभरपटीहून अधिक होता. मिरची सुटली. ज्या वस्तूवाचून आपली पूजा होत नाही, लग्न जुळत नाही, पाहुण्याचा सन्मान होत नाही, तीच अपराधी ठरली.

सुपारी हे कसे करते, तेही आता बरेचसे कळले आहे. तिच्यातील ‘अरेकोलिन’ हे द्रव्य तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चेतवते, असे 1986 साली लंडनमधील संशोधकांनी दाखवले. सुपारीतील टॅनिन त्या तंतूंना, कातडे कमवावे तसे, पक्के करते. तिच्यात तांबेही बरेच असते, आणि तंतूंची वीण घट्ट करणाऱ्या रसायनाला तांबे लागते. वर चुना मिळाला की सुपारीतील द्रव्यांचे ज्वलन वेगाने होते आणि ‘मुक्त मूलके’ म्हणून ओळखले जाणारे प्राणवायूचे अत्यंत तापट कण तयार होतात. लोखंडाला गंज चढतो तसाच प्रकार. फरक इतकाच की येथे गंज जिवंत पेशींना चढतो.

अशा गंजाला आवर घालणारी काही द्रव्ये शरीराजवळ असतात. ‘क’ जीवनसत्त्व, ‘ई’ जीवनसत्त्व, गाजर-पालेभाज्यांतील बीटा-कॅरोटीन, टोमॅटोचा लाल रंग म्हणजे लायकोपीन, ही ती द्रव्ये. यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. तेव्हा साहजिकच विचार आला की, ही द्रव्ये भरपूर दिली तर कर्करोगपूर्व रोग मागे हटणार नाही काय? 1984 साली कॅनडाचे स्टिच आणि त्यांचे सहकारी यांनी फिलिपाइन्समधील सुपारी चघळणाऱ्यांना ‘अ’ जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन दिले, आणि गालातील बिघडलेल्या पेशींचे प्रमाण घटल्याचे दाखवले. लोक सुपारी तर चघळतच होते. या बातमीने मोठी आशा निर्माण केली.

आपल्याकडे केरळात कोळी समाजातील 160 स्त्री-पुरुषांवर असाच प्रयोग झाला. त्याचा निकाल 1997 साली आला. तोंडात पांढरे चट्टे असलेल्या या लोकांना वर्षभर औषध दिले. ‘अ’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकी 52 टक्क्यांचे, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांपैकी 33 टक्क्यांचे चट्टे संपूर्ण गेले. नुसती साखरेसारखी खोटी गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण 10 टक्के होते. परंतु औषध थांबताच, बऱ्या झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचे चट्टे परत आले. 2007 साली बेळगावच्या दंतवैद्यांनी लायकोपीनचा प्रयोग 58 रुग्णांवर केला. आकसलेले तोंड लायकोपीनने सरासरी 3.4 मिलिमीटर अधिक उघडले, त्याच्याबरोबर स्टेरॉइडची सुई दिल्यावर 4.6 मिलिमीटर, आणि खोट्या औषधाने काहीच नाही. साडेतीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची जेमतेम अर्धी लांबी. ज्याला घास घेता येत नाही त्याला तेवढेही मोलाचे. परंतु तो बरा झाला, असे कोणी म्हणू नये.

आणि याच काळात युरोप-अमेरिकेतून धोक्याची घंटा वाजली. फिनलंडमध्ये 29,133 विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. 1994 साली निकाल आला तेव्हा सारे थक्क झाले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर झाला नाहीच, उलट 18 टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतील असाच प्रयोग 1996 साली मध्येच थांबवावा लागला, कारण तेथे ही वाढ 28 टक्के होती. भाजीत असताना उपकारक असणारे द्रव्य गोळीच्या रूपाने, मोठ्या प्रमाणात, धुराने भरलेल्या शरीरात गेले की अपकारक ठरू शकते, हा त्याचा धडा. व्यसन चालू ठेवा आणि वरून जीवनसत्त्वाची बाटली घ्या, असे सांगणारा दुकानदार आपला हितकर्ता नव्हे.

आता लाळेकडे येऊ. लाळेला आपण तुच्छ मानतो, थुंकून टाकतो. परंतु सुपारी, तंबाखू आणि चुना यांची भट्टी लाळेतच पेटते. म्हणून त्या भट्टीची राखही लाळेतच सापडते. 1985 साली आपल्याच मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील डॉ. सुमती भिडे आणि फ्रान्समधील बार्ट्श प्रभृतींच्या गटाने पानसुपारी चघळणाऱ्यांच्या लाळेत तंबाखूपासून आणि सुपारीपासून बनलेली नायट्रोसो जातीची विषारी द्रव्ये दाखवून दिली. 1987 साली काचेच्या नळीत असे दिसले की, सुपारी व चुना यांच्या योगाने तयार होणारे प्राणवायूचे तापट कण पेशीच्या आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, मोडतोड करतात. या मोडतोडीचा जो तुकडा निघतो तो पुढे रोग्यांच्या लाळेत मोजता येऊ लागला. 2008 च्या सुमारास भारतीय संशोधकांनी कर्करोगपूर्व रोगाच्या रुग्णांची लाळ तपासली. पेशींच्या स्निग्धांशाला चढलेल्या गंजाची खूण म्हणजे ‘मॅलॉनडायआल्डिहाइड’. ते लाळेत वाढलेले आणि ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे उतरलेली आढळली.

या साक्षीचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. जीवनसत्त्वे कमी म्हणून रोग झाला, की रोग झाला म्हणून जीवनसत्त्वे कमी झाली? ज्याचे तोंड उघडत नाही, ज्याला कच्ची भाजी, आंबट फळ झोंबते, त्याचा आहार आपोआप उणा होतो. शिवाय आग विझवण्यात पाणी खर्च होते तशी ही द्रव्ये त्या गंजाशी झुंजण्यात खर्च होतात. तेव्हा लाळ सांगते ते इतकेच की येथे आग लागली आहे आणि पाणी आटत चालले आहे. आग कोणी लावली, ते घरोघरच्या पाहणीने आधीच सांगितले होते. लाळेचा मोठा गुण असा की ती घेण्यास सुई लागत नाही, इस्पितळ लागत नाही. उद्या या खुणा पुरेशा विश्वसनीय ठरल्या तर धडगावच्या पाड्यावरही तपासणी करता येईल. आज मात्र तो दिवस आलेला नाही. आज डोळ्यांनी पाहणारा दंतवैद्य आणि आपली तीन बोटे हीच खरी तपासणी.

याच परळच्या संस्थेने आणखी एक मनोरंजक गोष्ट दाखवली. विड्याच्या पानात पेशींची हानी रोखणारे द्रव्य असते, हे डॉ. भिडे यांच्या गटाने 1986 साली प्रसिद्ध केले. म्हणजे आजीच्या पानाच्या डब्यात विषाबरोबर थोडासा उतारा तरी होता. विडा निर्दोष होता असे मी म्हणत नाही. परंतु 1970 नंतरच्या काळात पानमसाला आणि मग गुटख्याची पुडी आली तेव्हा काय झाले? पान गेले, सुपारी, चुना, कात आणि तंबाखू तेवढी राहिली. उतारा काढून टाकला आणि विष कागदात बांधून रुपया-दोन रुपयांना शाळेच्या फाटकापर्यंत नेले. त्याचे फळ लवकरच दिसले. भावनगरच्याच वीस खेड्यांची 1993-94 साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा या रोगाचे 164 रुग्ण सापडले, आणि त्यांतील बहुतेक पस्तिशीच्या आतले होते. म्हाताऱ्यांचा रोग तरुणांचा झाला. 1985 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूविना सुपारीबाबत पुरावा अपुरा म्हटले होते. 2004 साली तिनेच नुसत्या सुपारीलाही कर्करोगजनक ठरवले.

कायद्याचा इतिहासही असाच वळणावळणाचा आहे. महाराष्ट्राने 2002 साली गुटखाबंदी केली. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने ती, राज्याला तसा अधिकार नाही म्हणून, रद्द ठरवली. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू घालण्यास मनाई केली, आणि त्या आधारावर 2012 साली आधी मध्य प्रदेशाने आणि जुलैमध्ये महाराष्ट्राने बंदी आणली. तेव्हा कारखानदारांनी मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घालून विकण्याची युक्ती काढली. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील दर शंभर प्रौढांपैकी चोवीस जण धुराविना तंबाखू सेवन करताना आढळले. धूर काढणारे चारही नव्हते. कायदा पुडीला अडवतो, तलफेला अडवीत नाही.

तलफ कोठून येते? हमाल पोते उचलण्यापूर्वी तंबाखू मळतो. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले आपल्या जिल्ह्यातील कोयत्याचे कुटुंब पहाटे तीनला उठते ते मिसरीच्या आणि पुडीच्या आधारावर. ट्रकचालक झोप मारण्यासाठी मावा खातो. भूक, झोप आणि शीण ही तिन्ही पुडीने दाबली जातात, आणि जास्तीच्या तासांचा नफा दुसऱ्याच्या खिशात जातो. तेव्हा व्यसनमुक्ती म्हणजे केवळ उपदेश नव्हे. विश्रांतीची सुट्टी, पोटभर जेवण आणि कामाचे मर्यादित तास या मागण्यांचाच तो भाग आहे. ज्या हिरव्या भाज्या आणि फळे यांतून जीवनसत्त्वे मिळावयाची, ती घेण्याइतकी मजुरी नसेल तर पालकाचे गुणगान व्यर्थ होय.

आपल्या भागाला हे नवीन नाही. 1972 च्या सुमारास शहाद्याला अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीत जमिनीची आणि मजुरीची लढाई चालू असताना, आदिवासी स्त्रियांनीच दारूच्या गुत्त्यांवर मोर्चे नेले आणि मडकी फोडली. त्यांना कोणी शास्त्र शिकवले नव्हते. मजुरी वाढली तरी ती गुत्त्यात जाणार असेल तर लढाई अर्धीच, एवढे त्या जाणत होत्या. पुडीच्या बाबतीत तेच करावयाचे आहे. प्रत्येक बाजार समितीत, प्रत्येक ऊसतोड टोळीत, प्रत्येक शाळेत वर्षातून एकदा तीन बोटांची परीक्षा घ्या. ज्याची दोनच बोटे जातात त्याला हिणवू नका; त्याची पुडी सोडवा आणि त्याला त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे पोचवा. साचलेले तंतू बहुधा पूर्ण जात नाहीत, परंतु सुपारी सुटली की रोगाची वाढ रोखण्याची संधी मिळते, आणि कर्करोग लवकर दिसला तर माणूस वाचतो.

खानोलकरांच्या एक हजार रुग्णांपासून लाळेतील सूक्ष्म खुणांपर्यंत सहा दशकांहून अधिक काळ या देशातील संशोधकांनी एका प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्याचे उत्तर आता स्पष्ट आहे. मिरचीने आपले तोंड बिघडवले नाही, आणि जीवनसत्त्वाची गोळी ते सुधारणार नाही. सुपारी आणि तंबाखू तोंडाबाहेर ठेवणे आणि ताटात सकस अन्न आणणे, यांपैकी पहिले आपल्या हाती आहे आणि दुसऱ्यासाठी संघटना आहे.